पोथीतले नृत्य पुन्हा उभे कसे राहते?

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून सांस्कृतिक कार्यक्रमाच्या तालमी सुरू होतात. बारामती-इंदापूर परिसरातील अशाच एका तालमीच्या वेळी काही वर्षांपूर्वी उपस्थित राहण्याचा योग आला. त्या वर्षी मुलींना चित्रपटगीतावर न नाचता जुना झिम्मा बसवायचा होता. गाण्याचे शब्द मिळाले, चालही मिळाली. परंतु पावले कोणालाच नीट ठाऊक नव्हती. एका मुलीने मला विचारले, "फादर, जुने नाच कुठल्या पुस्तकात लिहिलेले असतात का?" मी उत्तर देण्यापूर्वीच भिंतीशी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पुस्तकात काय बघतेस बाई? इकडं ये, हात धर."

मुलीचा प्रश्न आणि आजींचे उत्तर, दोन्ही रास्त होते. जुने नृत्य पुस्तकात लिहिलेले असते काय? असल्यास केवळ वाचून ते पुन्हा नाचता येते काय? जगात अनेक अभ्यासकांनी ह्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले आहे. त्यांच्या अनुभवातून आपल्यालाही काही शिकण्यासारखे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका धर्मगुरूने लिहिलेले नृत्याचे पुस्तक

युरोपातील नृत्याच्या जुन्या पुस्तकांपैकी एक प्रसिद्ध पुस्तक एका कॅथोलिक धर्मगुरूने लिहिले आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. जेहाँ ताबूरो हे फ्रान्समधील लांग्र येथील कॅनन, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाचे सदस्य होते. आपल्या नावातील अक्षरांची उलटापालट करून त्यांनी 'थ्वानो आर्बो' हे टोपणनाव घेतले आणि १५८९ साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, 'ओर्केझोग्राफी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ संवादरूप आहे. काप्रियोल नावाचा कायद्याचा तरुण अभ्यासक आपल्या गुरूकडे येतो, प्रश्न विचारतो आणि गुरू त्याला एकेक नाच समजावून देतो. ह्या ग्रंथातील एक चाल आपणही ओळखतो. इंग्रजी नाताळगीतांपैकी 'डिंग डाँग मेरिली ऑन हाय' ह्या गीताची चाल मुळात आर्बोच्या पुस्तकातील नाचाची आहे. तिच्यावर जॉर्ज रॅटक्लिफ वुडवर्ड यांनी रचलेले इंग्रजी शब्द १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आर्बोची युक्ती साधी होती. त्याने स्वर उभ्या ओळीत छापले आणि प्रत्येक स्वरासमोर त्या वेळी पायाने काय करायचे ते लिहिले. त्याच्या 'ब्रान्ल' ह्या गोलाकार नाचाचे एक उदाहरण पाहू. सर्वांनी हात धरून वर्तुळ करावे. डावा पाय डावीकडे टाकावा, उजवा त्याच्याजवळ आणावा, पुन्हा डावा टाकावा आणि चौथ्या मात्रेला दोन्ही पाय जुळवावेत. ह्या चार मात्रांच्या हालचालीला 'दुहेरी' म्हणतात. एक पाऊल टाकून पाय जुळवले की दोन मात्रांची 'एकेरी' होते. डावीकडे दुहेरी आणि उजवीकडे एकेरी असा क्रम चालू ठेवला की वर्तुळ हळूहळू डावीकडे सरकत जाते. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नाच आपल्या अंगणात आजही करता येईल. हे पुस्तकाचे सामर्थ्य होय.

आता त्याच्या मर्यादेकडे वळू. लंडनमध्ये जॉन प्लेफोर्ड यांनी १६५१ साली इंग्लंडमधील लोकप्रिय जोडीनृत्यांचे पुस्तक छापले. त्यात शंभराहून अधिक नृत्यांच्या चाली व रचना होत्या. पुरुष कोठे आणि स्त्री कोठे उभी राहते, हे चंद्रकोर आणि वर्तुळ अशा खुणांनी दाखविले होते. पुस्तकाच्या आवृत्त्या पुढे अठराव्या शतकापर्यंत निघत राहिल्या. काळाच्या ओघात ह्यांतील पुष्कळ नृत्ये मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प यांनी ती पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा अडचण ध्यानात आली. 'चार पावले पुढे येऊन पाय जुळवावेत', असे पुस्तक सांगते. पण ती पावले चालीची, धावती की उडती, हे सांगत नाही. ज्या गोष्टी त्या काळी प्रत्येकाच्या अंगवळणी होत्या, त्या लिहिण्याची गरज लेखकाला वाटली नाही. शार्प यांनी खेड्यापाड्यांत नाचणाऱ्या वृद्धांना गाठून, त्यांचे नाच पाहून आपल्या अभ्यासाला आधार मिळवला. तरीही त्यांच्या काही निष्कर्षांविषयी पुढील अभ्यासकांनी वेगळे मत मांडले आहे.

सारांश, पुस्तक नृत्याचा सांगाडा जपते. त्यातील श्वास मात्र माणसाकडूनच माणसाकडे जातो.

इंदापूर-सुप्यापासून तंजावरपर्यंत

मराठी भाषेत ह्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे ते तंजावरचे. तंजावर दूर तामिळनाडूत असले, तरी त्याचा धागा आपल्याच परिसरापर्यंत येऊन पोहोचतो. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे भोसले घराण्याच्या जहागिरीत होते. मालोजीराजांना मरण आले ते इंदापूर येथे, असे इतिहास सांगतो. त्यांचे पुत्र शहाजीराजे. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई ह्या मोहित्यांच्या कन्या. त्यांचे बंधू संभाजी मोहिते सुपे परगण्याचा कारभार पाहत. हे सुपे आजच्या बारामती तालुक्यात आहे. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले.

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील ह्या राज्यात तामिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी अशा चार भाषा एकत्र नांदत होत्या. एकोजींचे पुत्र शहाजी (१६८४ ते १७१२) यांनी मराठीत नाटके रचली. मराठीतील आरंभीच्या नाटकांत त्यांची गणना होते. तुळजाराजे (१७२८ ते १७३६) यांच्या नावावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात नृत्याचेही प्रकरण आहे. तालमीत पाय कसा आपटावा, कसा पसरावा, ह्याची शास्त्रीय नावे सांगताना ग्रंथकाराने तेथील गुरूंच्या तोंडी असलेली देशी नावे आणि पायाचे बोलही नोंदविले आहेत. अभ्यासकांच्या दृष्टीने हे फार मोलाचे ठरले. केवळ संस्कृत नाव वाचून हालचाल कळत नाही. पण तेच देशी नाव आजच्या एखाद्या गुरूच्या तोंडी ऐकू आले, की ग्रंथ आणि माणूस यांची गाठ पडते.

ह्या परंपरेचा कळस दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या काळात झाला. त्यांच्या नावावरील मराठी नृत्यरचनांचा संग्रह 'कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस' ह्या नावाने ओळखला जातो. हे नावच पाहा. 'कोर्वै' हा तामिळ शब्द. त्याचा अर्थ ओवलेली माळ. 'साहित्य' हा संस्कृत शब्द. दक्षिणेत गाण्याच्या शब्दांना साहित्य म्हणतात. 'जिन्नस' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. तीन दिशांचे तीन शब्द एका मराठी नावात ओवले गेले आहेत. संग्रहातील एका संपूर्ण रचनेला 'निरूपण' म्हणतात. एका निरूपणात अठरा निरनिराळे नृत्यप्रकार असतात. ते सर्व एकाच रागात व एकाच तालात बांधलेले असून आरंभापासून मंगळापर्यंत एकच कथा सांगतात.

मालवणचे गुरू, पुण्याच्या शिष्या

ह्या रचनांची हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ग्रंथालयाने संग्रह छापून प्रसिद्ध केला. तोपर्यंत त्या रचना नाचणारे कोणी उरले नव्हते. हातात होते ते फक्त मराठी शब्द, राग-तालांची नावे, स्वर आणि पायांचे बोल.

तेव्हा हे काम अंगावर घेतले ते आचार्य पार्वतीकुमार यांनी. मालवण येथे १९२१ साली जन्मलेले पार्वतीकुमार मुंबईत नृत्यदिग्दर्शक म्हणून नावारूपास आले होते. तंजावरच्या परंपरेतील भरतनाट्यम् त्यांनी गुरूकडून शिकून घेतले होते आणि मराठी तर त्यांची मातृभाषाच होती. सरफोजींचे शब्द समजणारा मनुष्य आणि तंजावरचे नृत्य जाणणारा मनुष्य असे दोघे एकाच व्यक्तीत एकत्र आले. अनेक वर्षे खपून त्यांनी ती निरूपणे नृत्यात बसविली आणि 'तंजावर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ह्या मराठी रचना रंगमंचावर आणल्या. पुढे त्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. किट्टप्पा पिळ्ळै हे सरफोजींच्या दरबारात नावाजलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू ह्या चार बंधूंच्या घराण्यातले होते. अशा रीतीने पुण्यात राहणाऱ्या एका कलावंत स्त्रीपर्यंत ग्रंथाची वाट आणि घराण्याची वाट, अशा दोन्ही वाटा येऊन पोहोचल्या.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. सरफोजींच्या अठरा प्रकारांत अल्लारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा अशी नावे आहेत. आजच्या भरतनाट्यम् कार्यक्रमात अलारिप्पू, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा क्रम असतो. तो ह्याच चार बंधूंनी घालून दिला, असे मानतात. म्हणजे काही प्रकारांचे वंशज अद्याप हयात आहेत. त्यांच्या आधारे जुन्या रचनेचे पाऊल बऱ्याच विश्वासाने ठरविता येते. पण त्याच यादीत जक्किणी, त्रिपुट, प्रबंध असे प्रकारही आहेत, जे आजच्या नेहमीच्या कार्यक्रमात दिसत नाहीत. तेथे शब्दांचा अर्थ, बोलांचे वजन, तालाची मोजणी आणि शिक्षित कल्पना यांवरच भिस्त ठेवावी लागते.

म्हणून नृत्याची पुनर्रचना करणाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. पहिली, ग्रंथात स्पष्ट लिहिलेली. दुसरी, हयात असलेल्या परंपरेकडून मिळालेली. तिसरी, आपण स्वतः कल्पनेने भरलेली. तिन्ही गोष्टी उचित आहेत. परंतु तिसरी गोष्ट पहिलीच्या नावावर खपविणे उचित नव्हे. 'दोनशे वर्षांपूर्वी अगदी असेच नाचत असत', असे जेव्हा कोणी ठामपणे सांगतो, तेव्हा श्रोत्याने नम्रपणे विचारावे, "ह्यातले लिहिलेले किती आणि आपले किती?"

शिल्पे पाहून नृत्य उभे करणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एकशे आठ करणे सांगितली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकात त्यांपैकी एक्याऐंशी करणे दगडात कोरली गेली; उरलेल्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. नर्तकी व संशोधक पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी ग्रंथ आणि शिल्प समोरासमोर ठेवून असे प्रतिपादन केले, की करण म्हणजे स्थिर उभे राहणे नव्हे, तर हात, पाय आणि देह यांची एकत्रित हालचाल. शिल्पकार त्या हालचालीतील एक क्षण पकडतो. त्या क्षणाआधी व नंतर काय घडले, हे दगड सांगत नाही.

एका गुरूचे दोन विद्यार्थी

येथे आपल्या ख्रिस्ती वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरफोजीराजांच्या बालपणी त्यांचे पालक व शिक्षक होते ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ. १७५० साली भारतात आलेले हे जर्मन प्रॉटेस्टंट मिशनरी १७९८ मध्ये तंजावर येथे निवर्तले. सरफोजींनी त्यांच्या स्मरणार्थ शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला राजा त्यात दिसतो. सरफोजींनी धर्म बदलला नाही; उलट बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. परंतु गुरूविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी लपविली नाही.

श्वार्ट्झ यांचा दुसरा विद्यार्थी म्हणजे तामिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रियार (१७७४ ते १८६४). दक्षिणेत 'कुरवंजी' नावाचा एक नृत्यनाट्यप्रकार आहे. त्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री येते आणि तिच्या तोंडून कथा पुढे सरकते. राजाने ह्याच प्रकारात मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचले आणि त्या भटक्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. कवीने ह्याच प्रकारात तामिळमध्ये 'बेथलेहेम कुरवंजी' रचले. एकाने भूगोल सांगितला, दुसऱ्याने ख्रिस्तजन्माची भूमी; पात्र मात्र एकच. जुना प्रकार जिवंत असेल तर त्यात नवा आशय ओतता येतो. प्रकारच हरवला, तर आशय ओतायचा कशात?

ग्रंथावर नाव कोणाचे?

ह्या कथेला एक दुःखाची बाजूही आहे. ग्रंथांवर राजांची नावे आहेत, गुरूंची नावे घराण्यांनी जपली. परंतु ते नृत्य ज्यांच्या देहात पिढ्यान्पिढ्या राहिले त्या नर्तकींपैकी बहुतेकींची नावे कोठेच नाहीत. देवदासी प्रथेतील शोषण थांबविण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास इलाख्यात १९४७ साली कायदे झाले. ते आवश्यक होते. पण शोषण थांबविताना त्या स्त्रियांच्या ज्ञानाचा मान कसा राखावा, त्यांच्या उपजीविकेचे काय, ह्याचा विचार फारच थोड्यांनी केला. नृत्याला नवी प्रतिष्ठा मिळाली. ते जपणाऱ्या अनेक स्त्रिया विस्मृतीत गेल्या.

आपल्याकडेही काही वेगळे घडले नाही. बारामतीत मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) हजारो आर्या लिहिल्या. लिहिल्या म्हणून त्या टिकल्या. त्याच गावातील स्त्रिया त्याच काळी जे फेर धरीत, त्यांचे पाऊल कोणी लिहिले? धनगर बांधवांचे गजीनृत्य, लेझीम, फुगडी, झिम्मा, पिंगा हे सारे पायांतून पायांत आले. हलगीची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. अनेक घराण्यांना ती गावकीची सक्ती म्हणून वाजवावी लागे. आत्मसन्मान जागा झाल्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि ते योग्यच केले. सक्ती गेली याचा आनंदच आहे. तथापि हातातले ते कसब हा त्या घराण्याचा स्वतःचा ठेवा होता; तो सक्तीबरोबर फेकून देण्याची आवश्यकता नाही. वाजवावे की न वाजवावे हे ज्याचे त्याने ठरवावे. नोंद मात्र व्हावी आणि ती त्या माणसाच्या नावानिशी व्हावी.

आपण काय करू शकतो?

आर्बो हा काही मोठा नर्तक म्हणून लक्षात राहिलेला नाही. आपल्या तरुणपणी पाहिलेले व केलेले नाच त्याने म्हातारपणी नीट लिहून ठेवले, एवढेच. आपल्या युवक-युवतींनाही हे करता येईल. आज बहुतेकांच्या खिशात चित्रीकरण करणारा फोन आहे. तरीही केवळ चित्रीकरण पुरे नाही. सोबत वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात.

नाच कोणी शिकविला आणि तिने किंवा त्याने तो कोणाकडून शिकला. कोणत्या प्रसंगी करीत असत. किती जणी, कशा उभ्या राहत. आरंभी कोणता पाय, किती मात्रांनी वळण, टाळी कोणत्या शब्दावर. चित्रीकरण समोरून एकदा व पाठीमागून एकदा करावे, म्हणजे डावे-उजवे यांचा घोटाळा होत नाही. पाय पूर्ण दिसावेत. पुष्कळदा चेहरेच दिसतात आणि पाय चौकटीबाहेर राहतात. जेथे आजींना आठवत नाही, तेथे 'आठवत नाही' असेच लिहावे. आपण भरलेली जागा 'ही आम्ही भरली' अशी नोंदवावी. आणि चित्रीकरणापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

त्या दिवशीच्या तालमीत आजींनी मुलीचे दोन्ही हात धरले. दोन-तीन वेळा ताल चुकला, मुली हसल्या, आजींना दम लागला. "गुडघा जरा सैल सोड," एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. थोड्या वेळाने मुलीचे पाऊल बसले. सैल गुडघ्याची ती गोष्ट कोणत्याही पुस्तकात मला सापडली नसती. घरी जाण्यापूर्वी त्या मुलीने ती आपल्या वहीत लिहिली आणि खाली आजींचे पूर्ण नाव लिहिले. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी एक तरी वही असावी, ही सर्व वाचकांना विनंती.